रेड डिस्कवर राहते, उबुंटूत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोटो स्टुडिओतलं एक मशीन, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएमने (रेड बनवायचा आणि सांभाळायचा प्रोग्रॅम) लावलेली रेड-५ (चार डिस्क मिळून एक; एका डिस्कएवढी जागा राखीव, म्हणून एक मेली तरी डेटा टिकतो), आणि तिच्यावर पाच वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी. उबुंटू २०.०४ वेगळ्या छोट्या एसएसडीवर आहे. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून २४.०४ कोरं टाकायचं आहे. भीती अशी की नव्या ओएसला जुन्या रेडची ओळखच नसणार, मग सगळं उडालं तर? शिवाय जाता जाता विचारलंय की याच वेळी रेड-५ ची रेड-६ (दोन डिस्क मेल्या तरी टिकणारी) करून घ्यावी का.

ओळख लागते, ती काळजी सोडा. तुमच्या आत्ताच्या उबुंटूलाही रेडबद्दल जे माहीत आहे, ते दर वेळी चालू होताना ते डिस्कवरूनच वाचून घेतं. चारही डिस्कवर एक छोटी नोंद असते, सुपरब्लॉक. हल्लीच्या १.२ प्रकारात ती पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबी अंतरावर असते, जुन्या ०.९० आणि १.० प्रकारांत शेवटाला असायची. त्या नोंदीत रेडचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक), लेव्हल (रेड-५ की आणखी कुठली), एकूण डिस्क किती, ही त्यातली कितवी, चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहायचा तुकडा, केवढा (काही बदललं नसेल तर ५१२ केबी) आणि खरा डेटा कुठून सुरू होतो, एवढं सगळं लिहिलेलं असतं. चार भावांच्या खिशात वाटणीपत्राची एकेक प्रत असावी, तसं. मुनीम बदलला म्हणून जमीन जात नाही.

म्हणूनच डिस्क परत जोडताना केबली उलटसुलट झाल्या, पहिल्या पोर्टची तिसऱ्यात गेली, तरी काही बिघडत नाही. आपण कितवे हे डिस्कला स्वतःला माहीत असतं.

मग लोकांचा डेटा जातो कसा? माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक मशीनमध्ये ओएसने काहीही केलेलं नव्हतं. माणसाने केलं होतं, आणि तेही घाबरून.

एक प्रसंग सांगतो, कारण यातली चूक कुणाच्याही हातून होईल. एका छापखान्यातलं मशीन, अशीच चार डिस्कची रेड-५. तिथल्या मुलाने नवं लिनक्स टाकलं, रेड कुठे दिसेना. त्याने विचार केला की याच चार डिस्क घेऊन रेड पुन्हा बनवू, म्हणजे जुना डेटा आत दिसेल. एमडीएडीएमला ‘क्रिएट’ सांगितलं. एमडीएडीएमने विचारलं सुद्धा, की या डिस्क आधीच एका रेडच्या दिसतात, पुढे जाऊ का? त्याने ‘हो’ म्हटलं. स्क्रीनवर टक्के सरकायला लागले, सहा टक्क्यांपर्यंत आले, आणि त्याला वाटलं की डेटा परत येतोय.

येत नव्हता. ‘क्रिएट’ने दोन घोटाळे केले होते. एक म्हणजे चारही सुपरब्लॉक नवे लिहिले, आणि त्यात डेटा सुरू होण्याची जागा बदलली. एमडीएडीएमच्या जुन्या आवृत्त्यांत डेटा साधारण १ एमबीवर सुरू व्हायचा. पुढच्या आवृत्त्यांत मोठ्या डिस्कवर ही जागा शंभराहून जास्त एमबी पुढे गेली. दुसरं, डिस्कचा क्रम. जुन्या मशीनवर जिला एसडीबी म्हणत, तिला नव्या मशीनवर एसडीडी नाव मिळालं होतं. त्याने अक्षरांच्या क्रमाने दिल्या, म्हणजे चुकीच्या. आणि रेड-५ नवी बनवताना एमडीएडीएम शेवटच्या डिस्कला सुटी धरतं आणि बाकी तिघींवरून तिची भरणी सुरू करतं. तेच ते सहा टक्के. चौथी डिस्क कचऱ्याने भरत होती.

वाचलं कशामुळे, तर त्याने वेळेवर फोन केला आणि मी आधी ‘स्टॉप’ करायला लावलं. पहिल्या तीन डिस्कवर नोंदीखेरीज काही बिघडलं नव्हतं, आणि रेड-५ ला तीन पुरतात. पण क्रम आणि जागा कळणार कुठून? दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना एका मेलमध्ये चारही डिस्कची ‘एक्झामिन’ची (सुपरब्लॉक वाचून दाखवणारी आज्ञा) उत्तरं पाठवून ठेवली होती. ती समोर ठेवून, क्रम आणि जागा बरोब्बर तीच देऊन, चौथीच्या जागी ‘मिसिंग’ लिहून आणि ‘अ‍ॅझ्यूम क्लीन’ (म्हणजे भरणी करू नको) लावून रेड उभी केली. वाचायचीच परवानगी देऊन माउंट केली (म्हणजे फोल्डरसारखी उघडता येईल अशी जोडली), आणि फोल्डर दिसले. ते मेल नसतं तर क्रमाच्या चोवीस शक्यता, आणि प्रत्येकीबरोबर जागेचा अंदाज. त्या दिवसापासून ‘क्रिएट’ हा शब्द मी भरलेल्या डिस्कच्या जवळपासही टाइप करत नाही. जुनी रेड उभी करायचा शब्द ‘असेम्बल’ आहे. एवढं जरी लक्षात राहिलं तरी तुमचे फोटो निम्मे सुरक्षित.

आता तुमचं मशीन. हात लावण्याआधी रेड ठणठणीत आहे ना ते बघा. प्रॉकमधली एमडीस्टॅट ही फाइल उघडली की एका ओळीत चौकटी कंसात ४/४ आणि शेजारी चार ‘यू’ दिसले पाहिजेत. एखाद्या ‘यू’च्या जागी आडवी रेघ असेल, तर तुमची रेड आधीच लंगडी आहे आणि तुम्हाला पत्ता नव्हता. हे वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा होतं, कारण रेड-५ एक डिस्क मेली तरी निमूट चालू राहते. त्या अवस्थेत ओएसचं नावही काढू नका. डिस्क बदला, भरणी पूर्ण होऊ द्या. ४ टीबीला रिकाम्या मशीनवर सात-आठ तास, चालू कामात त्याहून बरेच जास्त. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने प्रत्येक डिस्कचे पेंडिंग (वाचताना अडखळलेले) आणि रीअलोकेटेड (बदली दिलेले) सेक्टर बघा. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर ती डिस्क भरणीच्या वेळी दगा देऊ शकते.

आणि बॅकअप. रेड हा बॅकअप नाही हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, तरी तुमच्या प्रश्नात बॅकअपचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारतो. सगळे १२ टीबी जमत नसतील, तर ज्या लग्नांचे अल्बम अजून द्यायचे आहेत तेवढी तरी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. (लिनक्स या १२ टीबीला १०.९ दाखवतं. त्यात काही हरवलेलं नाही, मोजायचं माप वेगळं आहे.)

मग कागदपत्रं. एमडीएडीएमचं ‘डिटेल स्कॅन’, प्रत्येक डिस्कचं ‘एक्झामिन’, सीरियल नंबरसकट एलएसबीएलके (डिस्क आणि त्यांच्या भागांची यादी), ब्लॉकआयडी (त्यांचे यूयूआयडी), ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) आणि एमडीएडीएमची कॉन्फ फाइल, सांबाची (नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम) कॉन्फ फाइल. हे पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःला मेलही करा. रेडवरच साठवू नका. हसू नका, साठवलेलं बघितलंय मी. प्रत्येक डिस्कच्या कडेला कागदी टेपवर सीरियलचे शेवटचे चार आकडे लिहा आणि कॅबिनेट उघडून मोबाइलवर एक फोटो काढा. फोटो काढायचं तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

यानंतर एक गोष्ट शोधा. तिच्यामुळे माझं वरचं ‘काळजी सोडा’ खोटं ठरू शकतं. रेड स्वतः ओएसमध्ये राहत नाही, पण रेडच्या आसपासच्या काही गोष्टी जुन्या एसएसडीवर राहत असतील. सगळ्यात वाईट म्हणजे किल्ली. रेडवर लक्स एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायची लिनक्सची पद्धत) असेल आणि मशीन चालू होताना पासवर्ड न विचारता ती आपोआप उघडत असेल, तर विचार करा, कशाने उघडते? बहुतेक वेळा रूटच्या फोल्डरमध्ये किंवा ईटीसीत एक की-फाइल असते आणि क्रिप्टटॅबमध्ये (चालू होताना काय उघडायचं त्याची यादी) तिचा पत्ता. एसएसडीवर फॉरमॅट मारला की किल्ली गेली. चारही डिस्क जागच्या जागी, चार ‘यू’ दिसतायत, आणि आतलं एक अक्षर वाचता येत नाही. तिथे मग कुठलाही डेटा रिकव्हरीवाला काही करू शकत नाही. त्यामुळे क्रिप्टटॅब बघा, की-फाइल असेल तर बाहेर काढा, हाताने टाकायचा एक पासवर्डही जोडून ठेवा आणि तो चालतो का हे आधी तपासा. लक्सच्या हेडरचा (डिस्कच्या सुरुवातीची कुलपाची नोंद) बॅकअपही घ्या. लक्स सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे कॅश. रेडचा वेग वाढवायला कुणी एसएसडीचा एक तुकडा एलव्हीएम कॅश, बीकॅश किंवा रेडचं जर्नल म्हणून लावून दिलेला असतो. ‘राइटबॅक’ पद्धतीत ताजं लिखाण आधी त्या तुकड्यावर जातं, डिस्कवर नंतर. तो तुकडा पुसणं म्हणजे डेटाच पुसणं. एलएसबीएलकेच्या झाडात एसएसडीच्या खाली रेडशी जोडलेलं काही लटकताना दिसतंय का ते नीट बघा. दिसलं तर ती कॅश आधी रीतसर सोडवून घ्या, मग पुढे.

आणि खरं सांगायचं तर जुनी एसएसडी पुसूच नका. नवी छोटी घ्या, तिच्यावर २४.०४ टाका, जुनी पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये. काहीही चुकलं, काही विसरलं, तर जुनी लावली की कालचं मशीन परत. स्टुडिओच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

ओएस टाकताना माझी पद्धत अगदी ओबडधोबड आहे: रेडच्या डिस्क जोडलेल्याच नसतात. मशीन नीट बंद करायचं, वीज काढायची, चारही डिस्कच्या साटा केबली उपटायच्या. आत फक्त नवी एसएसडी. मग इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ बिनधास्त दाबा, पुसायला दुसरं काही नाहीच. डिस्क जोडलेल्या ठेवून काळजीपूर्वक निवडू म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही एक अक्षर खातो. कधी इन्स्टॉलर बूटलोडर भलत्याच डिस्कवर टाकून मोकळा होतो. शिवाय तुमची रेड पार्टिशन न करता सरळ अख्ख्या डिस्कवर बनवलेली असेल तर आणखी गोची आहे: अशी डिस्क बऱ्याच प्रोग्रॅमना कोरी वाटते, आणि काही मदरबोर्डचं फर्मवेअर त्यावर पार्टिशन टेबल ‘दुरुस्त’ करायला जातं. केबल काढण्याला पाच मिनिटं लागतात.

सर्व्हर लांब आहे, केबल काढता येत नाही, असं असेल तर हाताने पार्टिशन करायचा पर्याय घ्या आणि डिस्क तिच्या आकारावरून आणि सीरियलवरून ओळखा, अक्षरावरून नाही.

नवं उबुंटू उभं राहिलं की अपडेट करा आणि एमडीएडीएम टाका. डेस्कटॉप आवृत्तीत ते आधीपासून नसतं, आणि ‘रेड दिसतच नाही’ म्हणून आलेल्या फोनमध्ये निम्म्या वेळा एवढंच निघतं. छापखान्यातल्या त्या मुलाचंही हेच झालं होतं. मग मशीन बंद, डिस्क जोडा, चालू करा, आणि एमडीस्टॅट बघा.

इथे तीन गोष्टींनी लोक दचकतात. पहिली, रेडचं नाव. तुम्ही एमडी० म्हणून ओळखत होता, ती एमडी१२७ म्हणून येईल. नव्या मशीनच्या कॉन्फ फाइलमध्ये तिची नोंद नाही आणि मशीनचं नाव जुळलं नाही, म्हणून तिला पाहुण्याचं नाव मिळालंय, एवढंच. दुसरी, शेजारी ‘ऑटो रीड ओन्ली’ लिहिलेलं. पहिलं लिखाण होईपर्यंत ती तशीच थांबते, बिघाड नाही. तिसरी, रेड आली पण फाइल मॅनेजरमध्ये काही नाही. मधे एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर व्हॉल्यूम ग्रुप जागा करावा लागतो, लक्स असेल तर उघडावं लागतं. रेड आपोआप आली नाहीच, तर एमडीएडीएमला ‘असेम्बल स्कॅन’ सांगा.

पहिलं माउंट फक्त वाचण्यापुरतं करा. चार-पाच जुने फोल्डर उघडा, मोठ्या फाइली उघडा, एखादा व्हिडिओ मधूनच चालवून बघा. फोल्डरची नावं दिसणं हा पुरावा नाही. नावं डिस्कच्या छोट्या भागातून येतात. मोठी फाइल चारही डिस्कवर पसरलेली असते. ती नीट उघडली म्हणजे क्रमही बरोबर आणि जागाही बरोबर.

पटलं, की मग पक्की घडी बसवायची. ‘डिटेल स्कॅन’ची ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये जोडा. डेबियन-उबुंटूत ती ईटीसीतल्या एमडीएडीएम फोल्डरमध्ये असते, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात सरळ ईटीसीत. नंतर ‘अपडेट इनिटरॅमएफएस’ (बूटच्या वेळी वाचली जाणारी प्रत ताजी करणारी आज्ञा) चालवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा १२७. एफएसटॅबमध्ये एमडी० असं नाव न लिहिता फाइल सिस्टिमचा यूयूआयडी लिहा आणि ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) लावा. ‘नोफेल’ नसेल आणि एखाद्या सकाळी केबल ढिली निघाली, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये काळ्या पडद्यावर अडकतं, आणि नेमकं त्या दिवशी तुम्ही मंडपात असता.

परवानग्यांचं एक. लिनक्स फाइलचा मालक नावाने नाही, आकड्याने ओळखतं. पहिला यूजर १०००, दुसरा १००१. नव्या मशीनवर यूजर जुन्याच क्रमाने बनवले तर काहीच करावं लागत नाही. क्रम चुकला तर मदतनिसाचे फोल्डर तुमच्या नावावर दिसतील. त्यावर ‘सगळ्यांना सगळं’ म्हणून ७७७ मारू नका, यूजरचा आकडा दुरुस्त करा. सांबाचे पासवर्ड वेगळे साठवलेले असतात, कॉन्फ फाइल आणली तरी ते पुन्हा द्यावे लागतात.

असेम्बल होत नसेल तर थांबा. प्रत्येक डिस्कचं ‘एक्झामिन’ घ्या आणि ‘इव्हेंट्स’चा आकडा (रेडच्या नोंदीत किती वेळा बदल झाला) ताडून बघा. चारही सारखे हवेत. एखादी दोन-चारने मागे असेल तर बहुधा मशीन धाडकन बंद झालं होतं, आणि ‘फोर्स’ लावून असेम्बल होतं. हजारोंनी मागे असेल तर ती डिस्क कधीच गळून पडली होती. तिला बाजूला ठेवून उरलेल्या तिघींवर रेड उभी करा. दोन डिस्क अशा निघाल्या तर पुढचं मशीनवर करू नका. आधी डीडीरेस्क्यूने त्या डिस्कच्या नकला घ्या आणि प्रयोग नकलांवर करा.

हे सगळं एमडीएडीएमचं झालं. विंडोजवाल्यांसाठी थोडं, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून तिकडेही बरंच नव्याने टाकणं चालू आहे. मदरबोर्डच्या बायोसमधून केलेली इंटेलची रेड असेल, तर बायोसमधला साटाचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर जाऊ देऊ नका. इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही तर मोड बदलायचा नसतो, इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यायचा असतो. हा मोड कुणी हात न लावताही बदलतो: बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बायोस मूळपदावर येतं, आणि रेड-० किंवा रेड-५ मधल्या डिस्क विंडोजला कोऱ्या दिसू शकतात. मग ते नम्रपणे विचारतं, इनिशियलाइज करू का? नाही म्हणा, सेल बदला, मोड परत लावा. रेड कार्ड असेल तर ते ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडली म्हणून सांगेल. तिथे ‘इम्पोर्ट’ दाबायचं. शेजारचं ‘क्लिअर’ नाही. स्टोरेज स्पेसेस (विंडोजची स्वतःची रेडसारखी सोय) वापरत असाल तर तिचा पूल नव्या विंडोजमध्ये आपोआप दिसतो, पण त्याला ‘अपग्रेड’ केलं की जुन्या विंडोजवर परत नेता येत नाही; एक-दोन आठवडे ते बटण तसंच राहू द्या.

राहिली रेड-६. एमडीएडीएमला ते जमतं, पाचवी डिस्क लावून ‘ग्रो’ने लेव्हल बदलता येते. फक्त त्यात १२ टीबीचा प्रत्येक तुकडा वाचून नव्या जागी लिहिला जातो, काही दिवस चालतं, आणि त्यासाठी लागणारी बॅकअप फाइल रेडच्या बाहेर ठेवावी लागते. ओएस टाकण्याच्या दिवशी हे नको. नवं मशीन दोन-तीन आठवडे रोजच्या कामात चालू द्या, यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते एकदा मोजा, आणि लग्नाच्या दोन हंगामांमधला रिकामा आठवडा बघून त्याला हात घाला.